हळदीची गाणी कोण लावणार

माझे चुलतकाका हे आमच्या सबंध मुरबे गावातले, आणि माझ्या अंदाजाने सबंध पालघर जिल्ह्यातले, असे एकमेव गृहस्थ आहेत ज्यांना लॅपटॉपचीही भीड पडते. माणसांची भीड पडणारे पुष्कळ असतात, मी स्वतः त्यातलाच आहे. पण काका लॅपटॉप मिटण्याआधी "चल, बंद करतो हां आता" असं त्याला सांगतात. तो गरम झाला तर त्याच्यापुढे पंखा ठेवतात आणि स्वतः घाम पुसत बसतात. पडद्यावर काही प्रश्न आला की आधी बनियनवर शर्ट चढवतात, मग उत्तर देतात.

काकांचा साउंड आहे. माझे वडील होडीवर जातात, काकाही पूर्वी जायचे. पण गावात हळद म्हटली की मोठमोठे बॉक्स, वायरींची गुंतवळ आणि त्यामागे टेबलाशी बसलेले काका, हे इतकं ठरलेलं होतं की मला लहानपणी वाटायचं, भटजींसारखं हेही लग्नाला लागतंच. त्यांनी गाणी जमवली ती कॅसेटपासून. मग सीडी आल्या, मग पेन ड्राइव्ह, आणि आता सगळं एका हार्ड डिस्कमध्ये आहे. समुद्राची खारी हवा लागू नये म्हणून ती डिस्क पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवलेली असते. काकी म्हणते, "तांदूल काढाय गेली की आधी यांची गानी वर येतात. एक दिस शिजवीन."

विकत आणलेल्या गाण्यांइतकीच त्यात काकांनी स्वतः लग्नांमध्ये टिपलेली गाणी आहेत. बायका हळद लावताना म्हणतात ती, कुणाच्या वरातीतला बेंजो, होडीच्या पूजेचं भजन. आणि या सगळ्याची मांडणी काकांची स्वतःची. गायक, संगीतकार, साल या गोष्टी त्यांना फार महत्त्वाच्या वाटत नाहीत. त्यांच्या डिस्कमध्ये कप्पे आहेत ते 'म्हातारी पन नाचतात', 'जेवन व्हायचं हाय', 'पावने रुसले' असे. एका कप्प्याचं नाव 'भांडन' आहे. त्यात सगळ्या आरत्या आहेत. मी कारण विचारलं तेव्हा काकांनी एका हळदीतली गोष्ट सांगितली. दोन मेहुणे मटणाच्या वाढण्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून गेले. काकांनी शांतपणे आरती लावली. "आरती लागली की उगारलेला हात जोडावाच लागतो," काका म्हणाले. "दोघं हात जोडून उभे. आरती मोठी होती. संपेपर्यंत राग गेला."

असे हे काका अडचणीत आले ते त्यांच्या मुलीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या, लग्नात. ताई तारापूरच्या बाजूला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आहे. लग्न ठरलं त्याच आठवड्यात तिने जेवताना सांगून टाकलं, "माझ्या हळदीला मी बोईसरचा डीजे सांगनार."

काकांचा घास हातातच राहिला. "का? माझा साउंड वाईट हाय?"

"साउंड चांगला हाय. पन तुमी नेहमी त्या बॉक्साच्या मागं. आतेच्या हळदीत मागं, मामाच्या हळदीत मागं. एका फोटोत तुमी नाय, नुसती टोपी दिसते. मला हळद लावाय बाप पायजे, साउंडवाला नाय."

आपल्या मुलीची हळद दुसऱ्याच्या गाण्यांवर व्हावी हे त्यांना सहन होणारं नव्हतं, आणि तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. दोन दिवस त्यांनी विचार केला आणि मला बोलावून घेतलं. मी पालघरला कॉलेजात संगणक शिकतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मला संगणकाबद्दल काय येत नाही हे सांगायला घरात कुणीच नाही, आणि ते मला स्वतःहून सांगता येत नाही. काका म्हणाले, "पोरा, असा प्रोग्राम बघ, जो माझ्यासारखी गानी लावल. मी समोर बसनार, तो मागं बसनार." ताईनेही मान्य केलं. तसा प्रोग्राम मिळाला तर डीजे रद्द.

आधी आम्ही बोईसरला, जिथून काकांनी तो जुना लॅपटॉप घेतला होता त्या दुकानात गेलो. दुकानदार मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "चाचा, गाना जमा करने का जमाना गया. सब ऑनलाइन है."

"और नेट गया तो?" काकांनी विचारलं. "नवरी को बोलेगा, रुक, हलदी मत लगा?"

दुकानदाराने मान वर केली. आमच्या गावात नेट कधी असतं आणि कधी नसतं हे त्याला माहीत नसावं.

मग मी एकेक प्रोग्राम उतरवून आणू लागलो आणि काका त्यांना बघू लागले. बघू लागले म्हणजे ताईसाठी स्थळं बघितली होती अगदी तसे. कुठला, कोणी बनवला, किती वर्षं झाली, मध्येच सोडून तर जाणार नाही ना. फुकट आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "फुकट देतात म्हंजे काय तरी खोट असल." प्रत्येकाची ते परीक्षाही घेत. पडद्यापुढे वाकून सावकाश विचारत, "हे बघ, पावने आलेत, भात अजून शिजतोय, नवऱ्याकडचा मामा तोंड फिरवून बसलाय. काय लावशील?" प्रोग्रामात शोधायची रिकामी चौकट लुकलुकत राही. "विचार करतोय," काका मला हळूच सांगत.

पहिल्या प्रोग्रामने वेगाप्रमाणे गाणी लावली आणि 'भांडन'मधली एक आरती नाचाच्या गाण्यांत नेऊन घातली. टाळ्यांमुळे तसं झालं असावं, मला खात्री नाही. दुसरा प्रत्येक गाण्याला स्वतःच चित्र शोधून लावायचा. काकीने म्हटलेल्या हळदीच्या गाण्यावर त्याने गिटार घेतलेल्या एका दाढीवाल्या गोऱ्या माणसाचा फोटो चिकटवला. काकी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दाढी करायला सांगा."

तिसरा मात्र काकांना आवडला. त्यात हवा तो क्रम लावून ठेवता येत होता, गाणं संपता संपता दुसरं हळूच सुरू होत होतं. काकांनी आठवडाभर बसून सगळ्या संध्याकाळचा क्रम लावला. ताईने बोईसरच्या डीजेला नको म्हणून कळवलं. मलाही वाटलं की आपल्या शिक्षणाचा घराला काहीतरी उपयोग झाला.

हळदीच्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. मी गेलो तर ते शर्ट घालून लॅपटॉपपुढे बसले होते. सगळे कप्पे गेले होते. 'म्हातारी पन नाचतात' नव्हतं, 'पावने रुसले' नव्हतं, रात्रंदिवस लावलेला क्रम नव्हता. गाणी सगळी होती, पण काकांनी टिपलेली झाडून सगळी 'अज्ञात कलाकार' नावाच्या एकाच ढिगात पडली होती, आणि त्यांची नावं जाऊन नुसते आकडे आले होते.

"त्याने विचारलं," काका खालच्या आवाजात म्हणाले. "गायकाप्रमानं लावून देऊ का? मी नको म्हनलो. मग परत विचारलं. परत नको म्हनलो."

"मग?"

"मग तिसऱ्यांदा विचारलं. आता जेवताना कोनी तिसऱ्यांदा वाढाय आला तर आपन नको म्हनतो का? त्याला वाईट नाय वाटनार? मी हो म्हनलो."

मी पुष्कळ खटपट केली. कप्पे परत आणता येतात का ते बघितलं, मित्राला फोन केला. दुपारपर्यंत जमलं नाही. एकच मार्ग उरला होता. काकांनी टेबलाशी बसायचं आणि ऐकून ऐकून एकेक गाणं शोधून लावायचं. ते त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी टोपी उचललीसुद्धा. तेवढ्यात ताई दारात येऊन उभी राहिली. तिला सगळं कळलं होतं.

"जे लागल ते लागू दे," ती म्हणाली. "तुमी टेबलाला हात लावायचा नाय."

"अगं, कायपन लागल."

"लागू दे."

संध्याकाळी मांडवात मी त्या ढिगातलं पहिलं गाणं सुरू केलं आणि लॅपटॉपला मोकळं सोडलं. काका ताईशेजारी पाटावर, परीक्षेला बसल्यासारखे. आधी बेंजो लागला, सगळे नाचले. मग होडीच्या पूजेचं भजन आलं, त्यावरही नाचले. मग एकदम काकांचाच जुना, तरुण आवाज मांडवभर घुमला, "हॅलो, हॅलो, माईक चेक, अरे ती ट्यूब बंद कर रे." काका ताडकन अर्धे उठले. काकी म्हणाली, "बसा, ट्यूब चालू हाय ती बरी हाय." कंपनीतल्या मुली माईक चेकवरसुद्धा नाचल्या, आणि मला वाटतं हळदीला खरा रंग तिथूनच चढला. काका मात्र पाटावरून लॅपटॉपकडे बघत होते आणि मांडीवर त्यांची बोटं आवाज कमी-जास्त करत होती.

मग तो लॅपटॉप अडकला. एक गाणं संपलं आणि दुसरं येईना. काकांनी साउंड लावलेल्या हळदीत अशी शांतता गावाने कधी ऐकली नव्हती. खाडीकडच्या वाऱ्याने मांडवाचं कापड फडफडत होतं तेवढाच आवाज. सगळ्यांनी काकांकडे बघितलं. मी धावलो, तर काकांनी मला हातानेच थांबवलं. त्यांनी वाटीतली हळद बोटावर घेतली, ताईची मान जराशी वळवली आणि म्हणाले, "कानामागं ऱ्हायली हाय." आणि फार सावकाश, एवढी सावकाश की बायकाही गप्प झाल्या, तिच्या कानामागे हळद लावत राहिले. ताई खाली बघत होती.

तेवढ्यात गाणं आपोआप सुरू झालं आणि सगळे ओरडून उठले. आता ताई सासरी डहाणूला असते आणि मी काकांकडे बसून त्या ढिगातल्या गाण्यांना एकेक करून नावं देतो आहे. काका पहिल्या सुराला ओळखतात, कुणाचं लग्न, कोणतं अंगण, सगळं सांगतात. परवा मी त्यांना विचारलं की त्या शांततेनंतर कुठलं गाणं लागलं होतं, ते आपण वेगळं ठेवूया. काकांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"नाय रे," ते म्हणाले. "ध्यान नव्हतं माझं."