वरच्या सभागृहापर्यंत गेलेला आमचा साकव

सुलोचनाअक्का देसाई यांची आणि माझी पहिली भेट कर्नाटकातल्या कॅसलरॉकच्या फलाटावर झाली. मी नुकतीच राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले होते आणि विधानपरिषदेसाठी मतदानाला यावं, असं पत्र माझ्या हातात होतं. त्याचा अर्थ मला लागत नव्हता. मराठी प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या अक्कांनी ते मागून घेतलं, वाचलं आणि एकदम सरसावून बसल्या.

गाडी उशिरा होती, हे माझं भाग्य. त्यांनी सांगितलं की आपल्या राज्याला दोन सभागृहं आहेत. विधानसभा सगळे निवडतात. वरच्या सभागृहात, म्हणजे परिषदेत, मात्र काही जण पदवीधरांचे, काही शिक्षकांचे, काही विधानसभेने निवडलेले, काही राज्यपालांनी नेमलेले, आणि काही आम्हा पंचायत सदस्यांचे. मी विचारलं, विधानसभेचा कायदा वरच्यांना मोडीत काढता येतो का? अक्का म्हणाल्या, “मोडीत काढता येत न्हाई. थोडे महिने थांबवता येतो. पण थांबलं की माणूस परत वाचतो, व्हय का न्हाई?”

त्यानंतर त्यांनी आम्हा सदस्यांना पंचायतीत बसवून शिकवलं. या मतदानात शिक्का मारायचा नसतो, पसंतीचे आकडे लिहायचे असतात. सही केली तर मत बाद. आमचे वयस्क सदस्य फोंडूमामा कधी शाळेत गेले नव्हते. अक्का चार दिवस त्यांच्या घरी चालत गेल्या आणि त्यांच्याकडून पाटीवर एक, दोन, तीन गिरवून घेतले. मतदान करून बाहेर आले तेव्हा मामांची छाती फुगली होती.

निवडून आलेल्या आमदारांना अक्कांनी आमच्याकडून पत्र लिहून घेतलं. आमच्या वाडीच्या ओहोळावर साकव, पायी जाण्यापुरता छोटा पूलही, नव्हता. पावसाळ्यात मुलांची शाळा बुडे. परिषदेत प्रश्न विचारला गेला आणि लेखी उत्तर आलं, तेव्हा आम्ही सगळे पंचायतीत धावलो. उत्तरात होतं की राज्याची मंजुरी तयार आहे, पण जागा वनाची. केंद्राच्या कायद्याप्रमाणे ग्रामसभेचा ठराव लागतो आणि तोच जोडलेला नाही.

म्हणजे कागद आमच्याच दारात अडला होता! आम्ही खजील झालो. अक्का मात्र आनंदाने टाळी वाजवून म्हणाल्या, “दिल्ली, बेंगळूर आणि आपली वाडी, तिघांची सही लागती. आपली तेवढी ऱ्हायलीय.” त्याच आठवड्यात ग्रामसभा भरली, ठराव झाला, आणि पुढच्या पावसाआधी साकव उभा राहिला.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं, वरच्या सभागृहासाठी तुमचं मत कुठे? त्या सहज म्हणाल्या, “मला न्हाई.” त्या सदस्य नव्हत्या, पदवी नव्हती, आणि शिक्षकांच्या मतदारसंघात प्राथमिक शिक्षकांना मत नसतं. आम्हा सगळ्यांना मत द्यायला शिकवणाऱ्या बाईंना स्वतःचं मत नव्हतं, आणि त्यांनी ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

आज पंचाहत्तरीत अक्का मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. पदवीनंतर पदवीधरांच्या मतदारयादीत नाव नोंदवायला तीन वर्षं थांबावं लागतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. उळवीच्या चन्नबसवेश्वराकडे माझं एवढंच मागणं आहे की अक्कांचे डोळे, गुडघे आणि उमेद अशीच राहो, आणि ती तीन वर्षं त्यांच्या पुढच्या लांब आयुष्यातली अगदी सुरुवातीची ठरोत.