परब सरांनी न स्वीकारलेला नारळ

परब सरांना चहा पाजणं म्हणजे कोर्टात साक्ष देणं. आमच्या डिचोलीच्या कॉलेजात मी हिशेब शिकवतो, ते व्यापारी कायदा शिकवायचे. कॅन्टीनमध्ये मी कप पुढे सरकवला की ते चष्म्यावरून आधी चहाकडे, मग माझ्याकडे बघत आणि विचारत, "बदल्यात काय?" काही नाही म्हटलं तर संशय दुप्पट.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला ते पेढ्यांचा पुडा उघडून टेबलावर ठेवत. मुलं हसत हसत खात. पुडा संपला की सर गंभीरपणे म्हणत, "आता वर्ग झाडा. पेढा खाल्लात, करार झाला." मग जो कालवा व्हायचा, तो ते डोळे मिटून ऐकत. "नाही झाला," शेवटी सांगत. "अट मी आधी सांगितलीच नव्हती. न कळता दिलेली संमती ही संमतीच नव्हे. पण हा म्हातारा पेढे का वाटतोय, हे एकाने तरी विचारलंत?" त्यानंतर वर्षभर त्या वर्गात वाढदिवसाचा केकसुद्धा चौकशीशिवाय कापला जात नसे.

पार्से गावात आमचं घर आहे. मागची माडांची बाग दादाच्या वाट्याची. ती घ्यायला बाहेरचा एक दलाल येऊ लागला. फार गोड माणूस. येताना मिठाई, जाताना वाकून नमस्कार. दादा पाघळला. बयाणा ठरायच्या दिवशी मी मुद्दाम सरांना जेवायला घेऊन गेलो. असा तमाशा फुकट कुठे मिळणार?

सरांनी मिठाईला हात लावला नाही. मागे वहिनी माडांना पाणी घालत होती, तिच्याकडे बघत राहिले. मग दादाला म्हणाले, "वैनीक इचारलंस?"

"ती काय सांगतली, सर? मी म्हणान थंय सही करतली."

आमच्या गोव्यात लग्न झालं की बहुधा बायको नवऱ्याच्या जमिनीत अर्धी मालकीण होते. तिच्या संमतीवाचून ती जमीन विकता येत नाही. हे दादाला माहीत होतं. दलालालाही, म्हणून तर मिठाई दर वेळी वहिनीच्या नावाने यायची. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं.

सरांनी तिला सोप्यावर बोलावून स्वतःची खुर्ची दिली. "बाय, तुझ्या सहीशिवाय बाग जायची नाय. हां म्हण, ना म्हण. पूण कोणाक भिऊन म्हणू नको."

वहिनीने पदराला हात पुसले. दादाकडे पाहिलंच नाही. "हे माड मी लायले," ती म्हणाली. "माका इकूचे नाय."

दलाल जाताना मिठाईचा खोका उचलून घेऊन गेला. सरांचा चेहरा उजळला.

दादा पुढे बरेच दिवस सरांचं नाव निघालं की उठून जायचा. वहिनीने मात्र माझ्याबरोबर सरांना एक नारळ पाठवला, न सोललेला. "बदल्यात काय?" सरांनी विचारलं. काही नाही म्हटल्यावर त्यांनी तो स्टाफरूमच्या कपाटावर ठेवून दिला. विचार करतो म्हणाले.

तो विचार ते निवृत्त होईपर्यंत चालला. निरोपाच्या दिवशी त्यांनी शाल उलटसुलट करून तपासली, मग कपाटावरून नारळ काढून माझ्या हातात दिला. त्याला हिरवागार कोंब फुटला होता. "मी स्वीकारला नव्हता," ते म्हणाले. "जिचा तिला."

घरी येऊन मी तो वहिनीपुढे ठेवला. तिने आधी कोंबाकडे पाहिलं, मग डोळे बारीक करून माझ्याकडे.

"बदल्यात काय होया म्हणाले?"