काकांचा उबदार पांढरा

केडगावात माझ्या धाकट्या काकांइतका घोळ घालणारा माणूस मागं झाला नाही, पुढंही होणार नाही. कुरकुंभच्या कंपनीत ते माल तपासायच्या कामावर होते आणि रिटायर झाल्यावर त्यांनी सगळं जगच तपासायला घेतलं. टोमॅटो ते उन्हात धरून बघत. चपला घ्यायला दौंडला गेले की दुकानात इतक्या फेऱ्या मारत, की शेवटी दुकानदार विचारी, "काका, चप्पल घेताय का झिजवताय?" लग्न मात्र त्यांनी एका भेटीत ठरवलं होतं. "तवा तपासायला येळच दिला न्हाई मला," असं ते काकूसमोरच म्हणत आणि काकू हसत असे.

त्या काकूचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. पुण्याला निघताना ती गाडीत बसली, पुन्हा उतरली आणि हॉलच्या हिरव्या भिंतींकडं बघत म्हणाली, "आवं, मी येईस्तवर हे हिरवं काढून टाका. पांढरं द्या. पन दवाखान्यावानी भगभगीत नको, उबदार पायजे."

चुलतभाऊ तिच्यापाशी राहिला. काकाही गेले होते, पण दवाखान्यात त्यांनी इतक्या येरझाऱ्या घातल्या, की नर्सनंच त्यांना घरी धाडलं. सोबतीला मी.

आता उबदार पांढरा म्हणजे नेमका कोणता? काकांनी पेंटरकडून भिंतींवर पांढऱ्याच्याच वेगवेगळ्या छटांचे पट्टे मारून घेतले. सकाळी एका भिंतीसमोर खुर्ची, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी ट्यूब लावून पुन्हा पहिल्या. एक पट्टा पिवळा वाटे, एक गुलाबी, एक "आजारी मानसागत". हॉलमधली बुद्धाची तसबीर प्रत्येक पट्ट्यावर धरून ते मला विचारत, "आता बघ, प्रसन्न वाटतं का?" तसबीर तीच, मी काय सांगणार? पेंटर उत्तरेकडचा, त्यानं अखेर हात जोडले. "चाचा, सब सफेद ही है."

"सब सफेद कैसा? घरवाली को पूछो!" काका गरजले आणि त्यांची नजर फोनकडं गेली. घरवालीला त्याच सकाळी ऑपरेशनसाठी आत नेलं होतं.

दुपार टळली तरी फोन नाही. जेवण झाकलेलंच राहिलं. मग काकांनी अचानक एका पट्ट्यावर बोट ठेवलं. "ह्योच. लाव." आणि पेंटरच्या हातातला रोलर घेऊन स्वतःच भिंतीला भिडले.

फोन वाजला तेव्हा ते वळले नाहीत. "तू घे," म्हणाले आणि एकाच जागी रोलर वरखाली फिरवत राहिले.

"झालं ऑपरेशन," चुलतभाऊ सांगत होता. "आई अजून शुद्धीवर यायची हाय, पन चांगलं झालं म्हनले डॉक्टर."

मी ते मोठ्यानं सांगितलं. काकांनी रोलर ठेवला आणि ओल्या भिंतीला पाठ टेकून ते खाली बसले. शर्टाची अख्खी पाठ पांढरी झाली. पेंटरनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढं ठेवला.

काकू घरी आली, तेव्हा काका दारातच उभे होते. "उबदार हाय का?"

"जरा बसू तर द्या." ती बसली, मान मागं टेकली, चारी भिंतींवर नजर फिरवली. "व्हय, हाय. पन तुम्ही किती वाळलात वो!"

आता काकू बिनआधाराची फिरते. सुरुवातीला मात्र ती भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात जायची. त्या वाटेवर भिंतीवर कमरेच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटलाय. परवा मी म्हटलं, "काका, रंग शिल्लक आहे. एक हात मारून टाकू?"

काकांनी त्या पट्ट्यावरून हात फिरवला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "चांगला रंग हाय त्यो."