डाव्या रांगेतल्या कुंड्या

आमच्या पडेगावच्या घरावर तीन खोल्या आहेत. त्या मी वर्षानुवर्षं विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मुलींनाच दिल्या. त्या बऱ्या. थकून येतात, गुमान जेवतात, झोपतात. आता माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, खोल्यांना कुलूप आहे. तरी जिन्याकडं नजर गेली की मुली आठवतात, आणि त्यातलं एक वर्ष नको तेवढं आठवतं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं जे काही कळलं ते या मुलींच्या तोंडून. एकीनं लेण्यांतल्या वटवाघळांमागं तीन वर्षं घालवली, तिचे कपडे वेगळे भिजवावे लागायचे. एक जण काळी माती भिजली की किती फुगते ते बघायची. मी म्हटलं, अगं आमच्या भिंतीच्या भेगा बघ, घरबसल्या कळेल. तर ती खरंच पट्टी घेऊन भेगा मोजत बसली. एका छपराखाली राहून एकीचं काम दुसरीला कळायचं नाही, म्हणून सगळ्या मला सांगत. मला कुणाचंच धड कळत नव्हतं, त्यामुळं मी कुणाच्याच बाजूची नव्हते.

त्या वर्षी वर तिघी होत्या. एक धरणातल्या माशांची आतडी उघडून त्यातले जंत शोधायची. दुसरी दोन पातळ पदार्थ एकात एक मिसळून त्यातून आवाज किती वेगानं जातो ते मोजायची. तिसरी ज्वारीवाली. जेवायला बसल्या की पहिल्या दोघींची जुंपायची.

"तुझं ते पातळ मोजून कुणाला काय उपयोग गं?" जंतवाली विचारायची.

"तुझ्या जंतांचा कुणाला उपयोग?"

"जंतांना."

ज्वारीवाली हसायची, पण तिचं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. तिचं लग्न झालेलं होतं. सव्वा वर्षाची मुलगी पैठणला आईकडं ठेवून आली होती. दर शनिवारी एसटीनं जायची, सोमवारी सकाळी परत. एकदा आल्या आल्या ओट्याजवळ उभी राहून म्हणाली, "काकू, ती आता माझ्या आईलाच आई म्हणते." एवढंच बोलली आणि भाकरी थापायला माझ्या हाताखाली बसली. प्रयोगाच्या शेवटच्या नोंदी झाल्या की ती कायमची पैठणला जाणार होती. लिहायचं काम तिथं बसून होणार होतं.

तिचा प्रयोग आमच्या गच्चीवर. कुंड्यांच्या दोन रांगा, ज्वारीच्या निरनिराळ्या जाती. उजव्या रांगेला रोज पाणी. डाव्या रांगेचं पाणी ठरल्या दिवशी बंद केलेलं, कोणती जात किती दिवस तहान सोसते ते बघायला. शनिवार-रविवारचा जिम्मा माझा. तिनं मला तीनदा बजावलं होतं, डावीकडं पाटीही लावली होती: पाणी घालू नये.

खाली आमचे हे खाटेवर होते. मूत्रपिंडं निकामी व्हायला लागलेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळी एक बाटली भरायची, दिवसभर तेवढंच पाणी. गोळ्यांचं त्यातच, चहाचंही त्यातच. हे जन्मभर पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला पाळीनं सोडायचं काम. आणि आता त्यांची पाळी माझ्या हातात. बाटलीला मी वेळेच्या रेघा मारल्या होत्या. माणूस पाणी मागतो आणि आपण बाटलीवरची रेघ बघतो, हे रोज करून बघावं, म्हणजे थकवा काय असतो ते कळतं. कामाचा थकवा झोपेनं जातो. हा जात नव्हता.

चैत्रातला रविवार होता. दोघी मुली प्रयोगशाळेत गेलेल्या, ज्वारीवाली पैठणला. सकाळी मी दोन घोट जास्त दिले होते, त्यामुळं बाटली दुपारीच संपली.

"एक घोट दे," हे म्हणाले. "लई नाय."

मी ओला फडका ओठांना लावला. त्यांनी तो चोखला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मी भांडणाऱ्यांना सुद्धा पाणी सोडलं गं. दुश्मनाच्या रानाला सोडलं."

मी वाळलेले कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर गेले. डाव्या रांगेतली पानं सुरळी होऊन लोंबत होती. मला माहीत नव्हतं असं नाय. पाटी मी वाचली. मग बादली घेतली आणि डाव्या रांगेतल्या एकेका कुंडीला खालून निथळेपर्यंत पाणी घातलं. पुन्हा बादली भरली. माती पाणी पिताना सुस् करते, तो आवाज ऐकत उन्हातच बसले. किती दिवसांनी कुणाला तरी पोटभर पाजलं, एवढंच मनात होतं. संध्याकाळी पानं उलगडली तेव्हा मी पाटी पुन्हा वाचली.

सोमवारी ती आली, तशीच वर गेली आणि लगेच खाली आली. टाकी गळाली असं सांगावं, असं एकदा वाटलं.

"मी घातलं," मी म्हटलं.

"चुकून?"

"नाय."

ती पायरीवर बसली. खाटेकडं तिची नजर गेली, उशाच्या रिकाम्या बाटलीकडं गेली. मग वही उघडून तिनं विचारलं, "किती घातलं?"

"दोन बादल्या. मोजून नाय घातलं."

तिनं ते तारीख घालून लिहिलं. या मुलींचं हे असंच, आपला घात झाला तरी आधी नोंद करायची. लिहून झाल्यावर म्हणाली, "परत पेरावं लागेल काकू." आणि नाक्यावरच्या बूथवरून आईला फोन करायला गेली. अजून दोन महिने, हे सांगायला.

रात्री जेवताना जंतवाली म्हणाली, "काकू, माझ्या बरण्या उघडून जंतांना भाकरी घालू नका हं." ज्वारीवालीसुद्धा थोडी हसली. मी भाकरी आणायच्या निमित्तानं उठले.

दुसरी पेरणी झाली. मला वाटलं ही कुंड्या विद्यापीठात नेणार. नेल्या नाहीत. पाणी बंद करायचा दिवस आला तसं तिनं गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि शनिवारी निघताना चावी ह्यांच्या हातात दिली. म्हणाली, "काका, उजवी पाळी सकाळी, या दोघी चावी मागून घालतील. डावीकडचा पाट बंद."

ह्यांनी चावी उशीखाली ठेवली. मी म्हटलं, "कपडे वाळत घालायचे आहेत."

"अंगणात घाल."

"मला चोर समजता, व्हय?"

"पाट बंद म्हणजे बंद," ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचा नोकरीतला आवाज ऐकला. त्यानंतर बाटली संपली की ते कधी कधी छताकडं बोट दाखवून म्हणायचे, "राहू दे. वरच्यांना पण नाय अजून." कधी कधीच हं. बाकीच्या दिवशी मागायचेच, आणि मी रेघ बघायचीच.

नोंदी पुऱ्या झाल्या त्या दिवशी तिची आई नातीला घेऊन तिला न्यायला आली. पोरगी आता तुरुतुरु चालत होती. ज्वारीवाली खाली बसली, हात पसरले, तर पोरगी आजीच्या पदराआड गेली. मी घाईनं पाणी आणायला वळले. पोरीच्या हातात पेला दिला. सवयीनं निम्माच भरला होता. तिनं तो एका दमात संपवला आणि रिकामा पेला माझ्यापुढं धरला. मी तशीच उभी. हातात भरला तांब्या, आणि नजर ह्यांच्या बाटलीवरच्या रेघेकडं.

"भर तिला," हे खाटेवरून म्हणाले. "पूर्ण भर."

मी काठोकाठ भरला. सांडत, ठसकत ती प्यायली. तिची आई अजून हात पसरून तशीच बसलेली. पोरीनं आईकडं बघितलं, आजीकडं बघितलं आणि रिकामा पेला आजीच्या हातात दिला.

"होईल सवय," ज्वारीवाली उठत म्हणाली. माझ्याकडं न बघता तिनं ह्यांच्याकडून चावी घेतली आणि कुंड्या उतरवायला वर गेली.