नूकरत्नमचा कुंकवाचा करंडा

नूकरत्नम लग्न होऊन अंबाजीपेटला आली आणि तिसऱ्याच महिन्यात तिने विहिरीवरचं ते भांडण ऐकलं. तिची सासू मंगायम्मा आणि सासूची थोरली जाऊ अच्चायम्मा. दोरावरून सुरू झालं, ते बघता बघता माणसांवर आलं.

"पोटी पोर नाही आणि तोंड केवढं!" मंगायम्मा म्हणाली.

"माझ्या नवऱ्याने दोन केल्या गं! थोरलीही वांझ, मीही वांझ? निवडून आणल्या होत्या का? आणि तुझी कूस तरी कधी उजवली? सात वर्षांनी! या घरच्या बाप्यांना विचार जरा."

"आमच्या पुरुषांत खोट काढतेस?" मंगायम्माने घागर अशी आपटली की काठाला पोचा आला.

ती पोचा आलेली घागर नूकरत्नमने पुढे नऊ वर्षं भरली. तिच्या नवऱ्याचं नाव वीरराजू. नारळाच्या बाजारात लोखंडी सुळावर दिवसाला हजार नारळ सोलणारा गडी, दंड असे की उगाच कुणी वाकडं बोलायचं नाही. मूल होईना. काढे, उपास, नागोबाचे नवस, सगळं नूकरत्नमच्या वाट्याला. वीरराजू प्यायला ते फक्त नारळाचं पाणी.

दहाव्या वर्षी मंगायम्माने ठरवून टाकलं. तिची लेक सत्यवती मागच्याच गल्लीत दिलेली. सत्यवतीची दुर्गा अठराची. भाचीवर मामाचा पहिला हक्क, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी वीरराजू-दुर्गाची पानसुपारी करून लग्न ठरवायचं. दुर्गाला कुणी विचारलं नाही, नूकरत्नमला तर नाहीच.

ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "अहो, त्याआधी एकदा काकीनाड्याला दोघांची तपासणी करू. मग आणा कुणालाही."

तिची कटकट एकदाची मिटावी म्हणून तो गेला. तिच्यात काही निघालं नाही. त्याचं रक्त हैदराबादला पाठवलं, आणि कागद आला तो नेमका पानसुपारीच्या दोन दिवस आधी, बुधवारी.

डॉक्टरीणबाई मऊ आवाजात म्हणाल्या, "बापाकडून फक्त मुलग्यांना मिळतो असा एक धागा असतो. तुमच्या धाग्यातला एक तुकडा गळालाय, म्हणून बीजच तयार होत नाही. याच धाग्यावर कुणाला उशिरा का होईना मूल होतं, कुणाला होतच नाही. घरात आणखी कुणी पुरुष बिनमुलांचा होता का?"

वीरराजूने कागदाची घडी घालून खिशात टाकली. नूकरत्नमच्या कानात मात्र विहिरीवरची घागर वाजली.

"आत कुठे थोडं बीज असलं, तर ते सुईने काढून बघता येईल," बाई म्हणाल्या, "पण मुलगा झाला तर हा धागा त्यालाही जाईल."

घरी येऊन बघतात तर मंगायम्माने आमंत्रणाचं कुंकू करंड्यात भरून ठेवलेलं. बोलावणं द्यायचं ते सवाशिणीने, दारोदार उंबऱ्याला कुंकू लावून; मंगायम्मा विधवा, म्हणजे घरात सवाशीण एकच. सवतीचं बोलावणं घेऊन पहिलीनेच फिरायचं! आणि एकदा उंबऱ्याला कुंकू लागलं की शब्द दिला, तो परत घेता येत नाही. पहिला मान मुलीच्या घराचा.

परसात नूकरत्नमने नवऱ्याला गाठलं. "सांगताय ना?"

"कसं सांगू? बाजारात मान वर करून चालतो मी."

"आणि मी नऊ वर्षं कशी चालले? दुर्गाच्या दारापर्यंत माझं तोंड बंद राहील. तिथे तुम्ही नसलात, तर मीच बोलेन."

ती निघाली. पायाखालची वाट रोजचीच, पण संपूच नये असं तिला वाटत होतं. दारात दुर्गा उभी होती, डोळे सुजलेले. ओसरीवर चारपाच बायका जमलेल्या.

"लाव की गं, रत्नम," सत्यवती म्हणाली. "वाट कसली बघतेस? सवतीच्या दाराचं कुंकू जड लागलं होय?"

बायका हसल्या. नूकरत्नमने बोट कुंकवात बुडवलं, वाकली, आणि तशीच थांबली. आता बोलायचंच म्हणून तिने तोंड उघडलं.

मागे सायकल धाडकन पडल्याचा आवाज आला. वीरराजू, अनवाणी, दंडाला नारळाच्या शेंड्या चिकटलेल्या.

"अक्का, कुंकू लावून घेऊ नकोस. खोट माझ्यात आहे. थोरल्या काकांच्यातही असणार. काकांच्या दोघींनी जन्मभर बोल खाल्ले, ही तिसरी. दुर्गा चौथी नको."

ओसरीवरच्या बायका एकेक करून उठल्या. दुर्गा तेवढी मामीच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली.

मंगायम्मा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ती सुई तरी टोचून घे."

"नको आई," तो म्हणाला. "मुलगा झाला, तर त्यालाही एक दिवस असंच अनवाणी धावत यावं लागेल."

पुढे दुर्गा राजोलच्या एका मास्तरांना दिली. तिच्या डोहाळजेवणाला वांझेच्या हातचं बोलावणं कसं चालेल, म्हणून बायका कुजबुजल्या. दुर्गाने पाटावर बसायचंच नाकारलं. "मामीचं कुंकू फिरलं नसेल तर उचला ताटं!" तेव्हापासून गल्लीतल्या कुठल्याही कार्याचं बोलावणं नूकरत्नमच फिरवायची.

ती वारली त्या दिवशी तिने फिरवलेलं शेवटचं बोलावणं दुर्गाच्या लेकीच्या डोहाळजेवणाचं. सकाळपासून छातीत जड वाटत होतं, तरी एकतीस घरं केली. शेवटी अच्चायम्माच्या दारात आली. नव्वदीची म्हातारी खाटेवरून म्हणाली, "मी विधवा, मला कसलं कुंकू लावतेस?"

"तुम्हाला नाही, उंबऱ्याला लावतेय," नूकरत्नम म्हणाली. "शुक्रवारी दहाला. जेवायलाच या."

उंबऱ्याला हळद लावली, वर कुंकू टेकवलं, बोट पदराला पुसलं, आणि घरी येऊन करंडा झाकून फळीवर ठेवला.