तारीख नसलेला राजीनामा

वकिलीची परीक्षा झाल्यावर मी कोल्हापुरात कायद्याच्या कॉलेजात शिकवायला लागले. राज्यघटना नवी होती. स्त्रियांच्या नोकऱ्यांवर मी प्रबंध लिहीत होते आणि समान संधीचं कलम मला तोंडपाठ होतं. त्या उन्हाळ्यात एका खाजगी शाळेतल्या शिक्षिका माझ्याकडे आल्या. लग्नाला महिना झाला नव्हता, तोच त्यांची नोकरी गेली होती. सासर हुपरीला, पण रोज एसटीनं यायची त्यांची तयारी होती.

"काढलं न्हाय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "मीच राजीनामा दिला म्हणं."

सही त्यांचीच होती. नेमणुकीच्या दिवशी कारकुनानं दोन कागद पुढं केले होते. दुसरा राजीनाम्याचा, बिनतारखेचा. वडील वारलेले, पाठीवर दोन बहिणी. त्यांनी सही केली. लग्नाची पत्रिका शाळेत पोचली आणि कुणीतरी त्या राजीनाम्यावर तारीख घातली.

मी अर्ज लिहिला, त्यात कलम घातलं. आम्ही दोघी मुख्याध्यापकांकडं गेलो.

"हे कलम सरकारी नोकरीला लागू," ते म्हणाले. "शाळा खाजगी आहे. तुम्ही तर कायदा शिकवता, बाई!"

मला ते ठाऊक होतं. तरी मी त्यांना आशा लावली होती.

मग वकिलांचे उंबरे. दोघांनी भेटायचंच टाळलं. तिसऱ्यांनी शाळेनं 'मंजूर' शेरा मारून परत पाठवलेला राजीनामा बघितला आणि विचारलं, "सही तुमची ना? मग संपलं."

"शाई बघा की!" त्या जवळजवळ ओरडल्याच. "सही निळी, तारीख काळी. आंधळ्यालाबी दिसंल!"

वकिलांनी कागद घडी घालून परत दिला. रस्ताभर त्या शाईचंच बोलत होत्या. मी नुसती हं हं करत चालले.

प्रबंध पुरा झाल्यावर मी हुपरीला गेले. सोप्यात बसून त्या जावांबरोबर पैंजणांना घुंगरं जोडत होत्या. हात धुऊन त्यांनी प्रबंध घेतला, पानं चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली.

"ह्यात मी कुठं हाय?"

कोर्टात न गेलेली हकीकत पुरावा होत नाही, असं म्हणून माझ्या मार्गदर्शकांनी तो भाग काढायला लावला होता. मी काढला होता. तसं सांगितलं.

"तुमचा तरी झाला की पुरा," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

शेवटची गाडी चुकेल, असं सांगून मी निघाले. तेव्हा दुपारचे तीनच वाजले होते.