नव्वद नंबरचं तेल

रूपसिंग मिस्तरीचं नाव वणीपासून बाभुळगावपर्यंत होतं, आणि त्या नावाची त्याला लाज वाटायची. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल. पण कुणी "मिस्तरी, तुमच्यासारखा हात नाही" म्हटलं की हा माणूस खाली वाकून उगाच एखादा न पडलेला नट शोधू लागायचा.

गिअर आपोआप बदलणाऱ्या, क्लचच नसलेल्या अमेरिकन गाड्या त्या काळी जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एखादी अडली की रूपसिंगला बोलावणं यायचं. तो गाडीखाली सरकायचा, गिअरपेटीच्या तळाचं झाकण चाचपायचा, त्याचे बोल्ट मोजायचा आणि पेटी कोणत्या बनावटीची ते सांगायचा. मग इंजन गरम करून, चालूच ठेवून, पट्टी बुडवून तेल बघायचा. पातळ लाल तेल थोडं थोडं ओतायचा. जाताना मालकाला बजावायचा, "नव्वद नंबरचं जाड तेल टाकू नोका. पेटी मरते."

हे शहाणपण त्याचं नव्हतं. ते धर्मपालचं होतं.

रूपसिंग कळंबकडच्या तांड्यातला. आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरलेला. बापाच्या वेळी ती लदेणी सुटली, बैलगाड्या आल्या, आणि गाडीच्या आसाबरोबर बापानं पोराला एक नियम दिला: ओझं जड, तं वंगण जाड. त्या नियमावर रूपसिंग बैलगाडीवरून ट्रकवर आणि ट्रकवरून यवतमाळला भाऊसाहेबांच्या कापसाच्या जिनात मोटारमिस्तरी म्हणून पोचला. अक्षरशत्रू होता, पण तेल दोन बोटांत चोळून त्याचा नंबर सांगायचा. त्याची घमेंडही होती.

१९५८ साली भाऊसाहेबांनी नागपूरहून असली एक अमेरिकन गाडी आणली. महिन्याभरात ती चढावर कण्हू लागली. रूपसिंगनं पेटीतलं तेल काढलं, बोटांत चोळलं आणि हसला. पाण्यासारखं पातळ! एवढ्या धिप्पाड गाडीला? कुणीतरी मालकाला फसवलं, असं त्यानं ठरवूनच टाकलं.

जिनातल्या गाड्या धुणारा, त्याच्याच वयाचा धर्मपाल शेजारी उभा होता. सातवीपर्यंत शिकलेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या घरानं बुद्धाचा धम्म घेतला, तेव्हा जुनं नाव टाकून त्यानं हे घेतलं होतं. त्यानं तेलाची पट्टी पुसून उजेडात धरली.

"रूपसिंगभाऊ, यावर इंग्रजीत लिहून हाये. टाइप ए तेल. इंजन चालू ठेवूनच मोजा म्हणते. हे नव्वद नंबर नाही चालाचं."

चार हमाल ऐकत होते. रूपसिंगला ते झोंबलं. "तू गाड्या धू. मले कायले शिकवून राह्यला?" तो म्हणाला, आणि त्यानं मधासारखं घट्ट नव्वद नंबर पेटीत ओतलं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब व्याह्यांना घेऊन कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला निघाले. अर्ध्या वाटेत इंजन नुसतं ओरडू लागलं, गाडी जागची हलेना, जळका वास सुटला. व्याह्यांना देवदर्शन घडलं ते बैलगाडीतून.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी विचारलं, "कोणाच्या सांगण्यावरून टाकलं ते तेल?"

रूपसिंगची जीभ त्याच्याआधी बोलली. "मले कुठं वाचता येते मालक? डब्बा यानं वाचला."

धर्मपाल त्याच्याकडे वळला. "भाऊ, सांगा न खरं. मी काय वाचलं होतं?"

रूपसिंग गप्प बसला. ते गप्प बसणंच त्याला आयुष्यभर पुरलं. धर्मपालला त्याच संध्याकाळी काढलं. तो बायकोला घेऊन राजूरच्या कोळसा खाणीवर गेला. नागपूरहून आलेल्या कारागिरानं पेटी उघडली आणि धर्मपालनं वाचलं होतं तेच शब्दन् शब्द सांगितलं. रूपसिंगनं ते पाठ केलं, आणि त्यावर नाव कमावलं.

सहा वर्षं त्यानं ते असं निभावलं. मग १९६४ च्या उन्हाळ्यात वणीच्या एका मालकानं चार माणसांत त्याच्या गळ्यात हार घातला. हार काढून तो तडक भाऊसाहेबांकडे गेला आणि सगळं ओकला.

भाऊसाहेबांनी पान लावता लावता ऐकलं. "अरे, मला माहीत होतं. दुसऱ्याच दिवशी मी ती पट्टी वाचली, हमालांनाही विचारलं. पण मिस्तरी कुठून आणू? गाडी धुणारे काय, शंभर मिळतात."

मार खाल्ला असता तर बरं झालं असतं, असं रूपसिंगला वाटलं. दुसऱ्या दिवशी तो राजूरला गेला.

धर्मपाल दारातच बसला होता. केस पिकले होते.

"चूक माही होती," रूपसिंग उभ्या उभ्या म्हणाला. "तू बराबर वाचलं होतं. मालकालेही सांगून आलो."

धर्मपालनं सरकून दारात जागा केली. मग हळूच विचारलं, "काय म्हणे मालक?"

"लय वाईट वाटलं त्यायले," रूपसिंग म्हणाला. पुन्हा तीच जीभ.

धर्मपालचा चेहरा उजळला. "कौसल्या! आयकलं का वं? मालकाले समजलं!" त्याची बायको हात पुसत बाहेर आली. "मी तुले सांगत नव्हतो? मालक माणूस बरा होता, त्यायले खरं कोणी सांगतलंच नाही. रविवारी जातो मी यवतमाळले. त्यायच्या तोंडून एक डाव आयकतो."

रूपसिंग चटकन म्हणाला, "नोको जाऊ."

"काहून?"

नवराबायको दोघं त्याच्याकडे बघत होती. आता खोट्याला जागा उरली नव्हती.

"त्यायले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं," रूपसिंग म्हणाला. "मी कामाचा होतो, म्हणून तुले वापस नाही बोलावलं."

धर्मपालच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. जायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ रूपसिंगला ते बघत उभं राहावं लागलं.